कमरेला येईल इतका ओटा

"बेल द्या, शेठ."

हे मामांचं वाक्य. माझ्या वर्कशॉपमधून घरी निघाले की शटरखाली पाठमोरे उभे राहायचे आणि मी हातातल्या पान्याने पत्र्यावर दोनदा वाजवल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. टण टण. मग "चला, झाली डबल बेल," म्हणत चालू पडायचे. सगळी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली की गाडी सोडायची, एकदा मारली की उभी करायची. रिटायर झाले तरी अंगातली एसटी काही उतरली नव्हती. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. रिटायर झालेला मास्तर पंगतीत बसल्या बसल्या हजेरी घेतो, तशातला.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. माझं वर्कशॉप परभणीत जिंतूर रोडला, आणि मामांचं घर मागच्याच कॉलनीत. सकाळचं पाणी भरून झालं की "जयभीम, शेठ," करत यायचे आणि लोखंडाच्या ढिगावर बसून पेपर वाचायचे. उंची सहा फुटांच्या वर. माझी पाच फूट दोन इंच, तीही बूट घालून. दोघं शेजारी उभे असलो की नवं गिऱ्हाईक हटकून त्यांनाच मालक समजायचं आणि भाव विचारायचं. तेही सांगून मोकळे व्हायचे. मला राग यायचा, पण बोलणार काय? भाव बरोबर सांगायचे.

एके दिवशी त्यांनी पेपर ठेवला आणि मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. कुठल्याशा देशातलं एक म्हातारं जोडपं गाडीमागे छोटीशी पेटीसारखी ट्रॉली जोडून हिंडत होतं. झाकण उचललं की आत स्वयंपाकघर, पुढच्या भागात झोपायची जागा.

"असं जमंल का तुमाला?"

"मामा, मी उसाच्या ट्रॉल्या करणारा माणूस. ह्यात भरायचं काय?"

"तुमच्या मामीला," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेहरा अगदी ड्युटीवरचा. मग त्यांनी सगळं सांगितलं. मामींना बस लागते. डायवरची बायको आणि बस लागते, आता बोला. डेपोच्या गेटात डिझेलचा वास आला की त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं. वर बाहेरचं खाणं सोसत नाही. एक माहेर सोडलं तर बाई कुठेच गेलेली नाही. आणि ड्युटी कितीचीही असो, त्या उठून भाकरी करायच्या, वर ठेचा, फडक्यात बांधून हातात द्यायच्या. ती भाकरी मामांनी कुठे कुठे खाल्ली. चारठाण्याच्या जुन्या देवळांच्या कट्ट्यावर खाल्ली, पेडगावकडच्या शेताच्या बांधावर खाल्ली.

"तिची भाकर सगळा जिल्हा हिंडली, शेठ. ती मातर घरीच राह्यली. जिथं जिथं भाकर खाल्ली तिथं तिथं तिला न्यायचंय. आता हातपाय चालायलेत तवर."

जुनी जीप त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. जीपमध्ये पुढे बसलं, तोंडावर वारा लागला, की मामींना काही होत नाही, हे कॉलनीला चक्कर मारून बघूनही झालं होतं. राहिला प्रश्न खाण्याचा. म्हणून स्वयंपाकघर सोबत पाहिजे. ते मामींच्या मनासारखं झालं तर त्या येतील, नाही तर नाही.

"मामी काय म्हणतात?"

"अजून बेल दिली न्हाई."

"पहिल्यांदा कुठे जाणार?"

"चारठाणा. पोखर्णीच्या अलीकडं एक कडूलिंब हाय रस्त्याला. लग्न झाल्यावरचा पैला डबा त्याच्याखाली खाल्ला. त्यो सगळ्यात शेवटी दाखवायचा."

झालं, लागलो कामाला. सांगाडा, चाकं, पत्रा, हे माझ्या हातचं काम, लवकर उरकलं. दोघांना आडवं होता येईल एवढी पेटी आणि मागच्या बाजूला वर उचलायचं मोठं झाकण. झाकण उचलून टेकू लावला की त्याचीच सावली पडणार, आणि बाहेर जमिनीवर उभं राहून स्वयंपाक करायचा. पेटी उभी राहिली आणि मी म्हटलं, चला, सुटलो. पण त्या हातभर स्वयंपाकघराने अख्खा पावसाळा खाल्ला.

शेगडी एका बर्नरची घ्यायची की दोन? मी म्हणालो, दोन माणसांना एक बास. मामा म्हणाले, "एकीवर भाकर, एकीवर कालवण. एकच ठिवली तर दोन्हीतलं एक गार खावं लागतंय. गार मी लय खाल्लं." दोन ठरल्या. सिलिंडर छोटा, तोही बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात, कारण डोक्याशी टाकी घेऊन ते झोपणार नव्हते. मी हौसेने स्टीलचं बेसिन आणलं. मामांनी ते उलटं करून खालचं भोक बघितलं.

"खरकटं पाणी कुठं जाणार?"

"जाईल की खाली."

"खाली म्हंजी रस्त्यावर?"

"मग काय झालं?"

"ज्या रस्त्यानं पोट भरलं त्याच्यावर खरकटं सांडू व्हय?"

 बेसिनखाली कॅन बसवला.

खणांचा तर वेगळाच किस्सा. खण चालत्या गाडीत उघडता कामा नयेत म्हणून मी त्यांना खटके लावले होते. मामा म्हणाले, रस्त्यावर नेल्याशिवाय पास करणार नाही. जीपला ट्रॉली जोडली, सगळे डबे भरले, आणि कुठला खण कधी उघडतो ते बघायला मालकाला, म्हणजे मला, आत बसवलं. पेडगावच्या रस्त्याला लागलो. पहिल्या खड्ड्यात तिखटाने दम धरला. दुसऱ्यात मसाल्याच्या डब्याचा खण सुटला तो थेट माझ्या मांडीवर, आणि पाव किलो हळद माझ्या डोक्यावर. मी आतून पत्र्यावर धाडधाड मारतोय, थांबवा म्हणून. मामा थांबायला तयार नाहीत. मी मारलेल्या ठोक्यांची काही एक बेल होत नव्हती, असं नंतर त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं.

घरी गेलो तर बायको दारातच म्हणाली, "कुणाची हळद खेळून आलात?"

मामा माझ्या मागेच उभे होते. हसले नाहीत. "वैनी, खटका बदलावा लागंल," म्हणाले.

असं करत करत एकदाचं सगळं जागेवर बसलं. शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी, खण. मी ओट्याची शेवटची वेल्डिंग मारली, चष्मा काढला, आणि सहज विचारलं, "मामा, मामी भाकरी उभ्याने थापतात की बसून?"

मामांनी ओट्यावर हात टेकला.  मग म्हणाले, "मला म्हाईत न्हाई."

"माहीत नाही म्हणजे?"

"ती करायची तवा मी आंघोळीला असायचो. न्हाईतर वर्दी घालायचो. भाकर हातात यायची. थापताना कधी बघितली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आले, पेपर उघडलाच नाही. "बसून," म्हणाले. घरी पोराने बांधून दिलेला ग्रॅनाइटचा ओटा आहे, पण त्यावर मामी नुसती भांडी ठेवतात. भाकरीला त्या खालीच बसतात, मांडी घालून, पुढ्यात काठवट. काठवट म्हणजे भाकरी थापायची लाकडी परात, आमच्याकडे अजून घरोघरी आहे. उभ्याने थापायला सांगितलं तर त्यांचा हातच चालायचा नाही. "लय येळ बघत बसलो," मामा म्हणाले, "ती म्हणली, काय झालंय तुमाला, बरं न्हाई का."

तो ओटा पायाखाली घालून तुडवावा असा संताप आला होता मला, पण आवरला. ओटा कापला. शेगडी खाली पेटीच्या फळीवर आणली. आता मामींना आत मांडी घालून बसता येणार, झाकण उघडं, पुढ्यात काठवट, हाताशी तवा. वारा लागू नये म्हणून शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला. खरं सांगतो, झकास झालं होतं. कधी नव्हे ते मामा म्हणाले, "तसल्ली झाली, शेठ. आता आणतो तिला."

मामी आल्या त्या धुतलेलं लुगडं नेसून, माझ्या बायकोला सोबत घेऊन. मामांनी झाकण उचललं. एखादी नवी गाडी डेपोत यावी आणि डायवरने सगळ्यांना दाखवावी तसं एकेक दाखवायला लागले. हा खण, हा खटका, हा खटका सुटत न्हाई बघ, हे पाणी, हा आडोसा. मामी वर चढून मांडी घालून बसल्या. काठवट पुढे ओढली, हात फिरवला. मग हात मांडीवर ठेवले.

"चांगलं केलंय," म्हणाल्या. "एक इचारू का?"

"इचार की."

"ही चूल घरीबी हाय. लिंबाखाली नेऊन मला भाकरीच थापायला बशिवणार असाल तर मी तिथलं बघू कवा? माझं तोंड तव्याकडंच की."

 माझी बायको पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली, ती हसत होती हे मला पाठीमागूनही कळत होतं. महिनोन्‌महिने दोन शहाण्यांनी डोकी लावून त्या बाईला फिरायला न्यायची म्हणून तिची चूलच चाकावर बांधली होती. मामी खाली उतरल्या, चपला घातल्या. रागाने नाही बोलल्या, मला वाटतं त्यांना मामांची दयाच आली होती. "मी घरीच बरी हाय, तुमी जाऊन या," एवढं म्हणून निघून गेल्या.

मामा लोखंडाच्या ढिगावर बसले ते संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी मी त्यांना छेडलं नाही. शटर ओढायच्या वेळेला उठले, ट्रॉलीजवळ गेले आणि हात कमरेवर आडवा धरून दाखवला.

"शेठ, ओटा वर घ्या."

"पुन्हा?"

"माझ्या कमरेला येईल इतका. माझे गुडघे गेलेत क्लच मारून मारून, मला काय खाली बसता येणार न्हाई."

आता ह्या माणसाला चहासुद्धा करता येत नव्हता, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. मामी शिकवायला तयार नव्हत्या. "मी हात लावला की ते माझंच काम होतंय," म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मग माझ्या बायकोने मनावर घेतलं. दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये, त्याच ओट्यापाशी, शिकवणी सुरू झाली. ज्वारीचं पीठ, त्यात ऊन पाणी, मळून मळून मऊ केलं की गोळा, मग थापणं. मामांचा एकेक पंजा ताटाएवढा. पहिली भाकरी काठवटीतून तव्यापर्यंत जाताना हवेतच तीन ठिकाणी तुटली. दुसरी तव्याला चिकटली. कडा जाड, मध्ये भोक. माझ्या कामगारांनी तो पूर्ण महिना असले तुकडे दुधात कुस्करून खाल्ले आणि कुणी तोंडातून ब्र काढला नाही, कारण मामा प्रत्येकाच्या ताटापुढे उभे राहून विचारायचे, "कशी झालीय?"

थापताना काठवट ओट्यावर सरकायची. मामा एका हाताने ती धरायचे की भाकरी बिघडायची. मग मी ओट्यावर पट्टीचं गोल कडं बसवलं, काठवट त्यात घट्ट बसली. माझ्या मते अख्ख्या ट्रॉलीतली ही सगळ्यात कामाची वस्तू. आणि ओट्याच्या बाजूला, झाकणाची सावली पडते तिथे, एक घडीची खुर्ची वेल्ड केली, पाठीला टेकू असलेली, तोंड बाहेरच्या बाजूला. ही मामांची ऑर्डर. "तव्याकडं तोंड करून बसवू नका तिला," एवढंच बोलले.

"स्टेअरिंगसारखं हाय वैनी," एक दिवस ते माझ्या बायकोला म्हणाले. "जोर लावला की बिघडतंय. नुसतं फिरवत राह्यचं." त्या दिवशी भाकरी गोल झाली. फुगली मात्र नाही.

हिवाळा लागला तसं मामांनी मामींना पुन्हा आणलं. या वेळी काही दाखवलं नाही. खुर्ची उघडली, मामींना बसवलं, आणि स्वतः ओट्यापुढे उभे राहून चहा केला. जरा पाणचट होता. मामींनी कपातला चहा बशीत ओतला, प्यायल्या, बशी खाली ठेवली. मामा हात पुसत उभे. एवढा सहा फुटी माणूस, पण परीक्षेला बसलेल्या पोरासारखा चेहरा.  हात मागे नेऊन मामींनी बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा वाजवलं.

मामांचे डोळे भरून आले. मी पाहिलं. तुम्ही असता तर तुम्हीही पाहिलं असतं, ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

चारठाण्याला गेले त्या दिवशी दुपारी मला फोन आला. मी ग्राइंडर बंद केला आणि म्हटलं, काय बिघडलं, चाक गेलं की काय. पलीकडून एकच शब्द.

"फुगली."

आणि फोन बंद.

पुढे दोन हिवाळे ते हिंडले. फार लांब नाही गेले, सगळा आपल्या जिल्ह्यातलाच रस्ता, दुपारी जायचं, एखादा मुक्काम करायचा, परत यायचं. आले की मामा मला सांगायचे, कुठे काय केलं, मामी काय म्हणाल्या. "इथंच बसून खायचा व्हय तुमी, असं म्हणली." एवढंच त्यांना लय असायचं. येणाऱ्या जाणाऱ्यांनी गाडी थांबवून बघावं, म्हातारा उभ्याने भाकरी थापतोय आणि म्हातारी खुर्चीत बसून पाखरं बघतेय. लोक मामींना नावं ठेवायचे म्हणे. मामींना त्याचं काही नव्हतं.

पोखर्णीचा लिंब तेवढा राहिला होता. "येंदा," मामा म्हणाले, "थंडी पडू द्या." आणि त्या वर्षी थंडी पडायच्या आधीच, रात्री जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सकाळी शेजारी मला बोलवायला यायच्या आधी मी शटरखाली उभा होतो, त्यांची वाट बघत, पेपर आला होता म्हणून.

त्यानंतर मी महिनाभर त्या लोखंडाच्या ढिगावर कुणाला बसू दिलं नाही. लोक म्हणाले, मालकाचं डोकं फिरलंय. असेल. मला तो माणूस फार आवडायचा, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण रोज भांडण्यातच वेळ जायचा.

थंडी चांगली पडल्यावर एका सकाळी मामी चालत वर्कशॉपमध्ये आल्या.

"भाऊ, तुमाला जीप चालवता येती का?"

"येते."

"त्यो लिंब राह्यलाय."

मी म्हणालो, रविवारी जाऊ, माझी बायकोही येईल. आणि आपल्या कामात आपण हुशार, म्हणून लगेच टेप काढला. "मामी, तोवर ओटा खाली घेतो, तुम्हाला बसून थापता येईल असा."

"कशाला?" मामी म्हणाल्या. "मी कुठं थापायलेय?"

"मग कोण?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "मामी, ह्यांना पाणीसुद्धा तापवता येत नाही."

"त्यांनाबी येत नव्हतं," मामी म्हणाल्या. "ओटा हाय तिथंच राहू द्या."

रविवारी गेलो. मामी पुढे माझ्या शेजारी बसल्या, वाऱ्याला तोंड देऊन. पोखर्णीच्या अलीकडे त्यांनी हात केला, मी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. लिंब मोठा आहे. खाली खडी पडलेली, बाजूला कुणाच्यातरी शेतात ज्वारी उभी. मामी उतरल्या आणि झाडाभोवती एक फेरी मारून आल्या. खोडाला हात लावला नाही, काही नाही. जिथे माणूस टेकून बसेल अशी एक जागा मुळांमध्ये होती, तिथे जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग येऊन खुर्चीत बसल्या. माझ्या बायकोने त्यांच्या शेजारी सतरंजी टाकली आणि तीही बसली. मला कुणी बस म्हणालं नाही.

मी झाकण उचलून टेकू लावला. काठवट कड्यात बसवली. पीठ घेतलं, पाणी तापत ठेवलं. आणि ओट्यापुढे उभा राहिलो तर ओटा माझ्या बरगड्यांपर्यंत आला. मामांची कंबर होती ती. मीच माप घेतलं होतं, मीच वेल्डिंग मारलं होतं, पण ह्या बाजूने त्याच्यापुढे कधी उभा राहिलो नव्हतो. शेवटी जीपमधून पान्यांची पेटी आणली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर चढलो. मामी गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. माझ्या बायकोने तर काही शिल्लक ठेवलं नाही.

त्यांचं हसू थांबलं तरी माझा हात काही पिठाकडे जाईना. पाणी उकळायला लागलं होतं. मी मामींकडे बघितलं. त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. मागे न वळता त्यांनी हात वर केला, आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा वाजवलं.

मी पिठात पाणी घातलं.